बिल्टी वाचता येणाऱ्यांची पदवी

गेल्या गणेशोत्सवात पहाडगंजला आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला बाजूला घेतलं. सरकारी बांधकाम खात्यात अभियंता म्हणून उभा जन्म काढलेला, शब्द तोलून बोलणारा माणूस. त्यांची नात बारावीला आहे, कॉमर्सला. "बीसीए करते म्हणते," ते म्हणाले. "तू तेच शिकवतेस, म्हणून तुला विचारतो. हे म्हणजे इंजिनीअरिंगला नंबर न लागलेल्या मुलांसाठी पाणी घालून पातळ केलेलं कॉम्प्युटर सायन्सच ना? त्यात आता एआय आलंय. कोड यंत्रच लिहिणार म्हणतात. मग एवढी वर्षं आणि एवढे पैसे कशाला घालवायचे? सरळ बीकॉम करून सीएला बसू दे तिला."

रांग पुढे सरकली आणि "घरी येऊन बोलू" म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. काकांचं म्हणणं त्यांच्या एकट्याचं नाही. पश्चिम दिल्लीत गेली बावीस वर्षं मी बीसीए-बीबीएच्या मुलांना सिस्टिम्स ॲनॅलिसिस आणि डेटाबेस शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत आईवडील हेच विचारतात. बीटेकवाले हेच म्हणतात. कंपन्यांचे भरती अधिकारीही पगार सांगताना हेच मनात धरतात. सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या वर्गातली निम्मी मुलंही तेच मानून बाकावर बसलेली असतात. हे मत चुकीचं आहे आणि त्याची किंमत आपण सगळे मोजतो आहोत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

किंमत कशी, ते दिल्लीतलंच उदाहरण घेऊन सांगते. २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी एम्समधली ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली. रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला होता. देशाच्या कानाकोपऱ्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं खिडकीपुढे उभी आणि आत कागद-पेन शोधण्याची धावपळ. नोंदणी, भरती, डिस्चार्ज, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं हातानं सुरू झालं. गाडी रुळावर यायला जवळजवळ दोन आठवडे गेले. पुढे संसदेत सरकारनं सांगितलं की पाच सर्व्हरना फटका बसला, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नसल्यामुळे हल्लेखोरांना आत शिरता आलं.

हे कारण पुन्हा एकदा वाचा. कोणाचा प्रोग्राम चुकला, असं त्यात म्हटलेलं नाही. नेटवर्कचे विभाग पाडायचे म्हणजे आधी हे ठरवायचं की रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाला बिलाच्या काउंटरशी बोलायची गरज आहे का, वॉर्डातल्या नर्सला काय दिसलं पाहिजे आणि काय दिसता कामा नये, एका कोपऱ्यात आग लागली तर ती कोणत्या दारापाशी अडवायची. या प्रश्नांची उत्तरं हॉस्पिटल रोज कसं चालतं हे पाहणाऱ्यालाच देता येतात. प्रणाली बंद पडली तर कागदावर कोणत्या क्रमानं लिहायचं आणि ती परत सुरू झाल्यावर त्या दोन आठवड्यांच्या नोंदी कोणी, कशा आत भरायच्या, हाही त्याच विद्येचा भाग. या विद्येला इन्फर्मेशन सिस्टिम्स, मराठीत माहिती प्रणाली, म्हणतात. काकांनी जिला पाणी घातलेली म्हटलं ती हीच.

आता रेशनचं पाहा. जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीच्या दोन हजारांहून अधिक रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रं आली. कार्डधारकानं बोट टेकवायचं, ठसा आधारच्या सर्व्हरवर जाऊन ताडला जायचा, मग गहू-तांदूळ मिळायचा. एप्रिलमध्ये दिल्ली सरकारला ही पद्धत थांबवावी लागली, कारण नेटवर्क मिळत नव्हतं, ठसे जुळत नव्हते आणि माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन परत जात होती. यंत्रं पुन्हा सुरू झाली ती जुलै २०२१ मध्ये, एक देश एक रेशन कार्ड योजनेबरोबर.

ठसा जुळला की 'हो', नाही जुळला की 'नाही', एवढं यंत्र बरोबर सांगत होतं. पण 'नाही'नंतर काय? चाळीस वर्षं विटा वाहिलेल्या किंवा लोकांची भांडी घासलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. तिनं काय करायचं? अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं धान्य कोणी आणायचं? आज नेटवर्क नाही म्हणून दुकानदारानं कागदावर लिहून धान्य दिलं, तर उद्या ते मोजायचं कसं, आणि त्याच सवलतीच्या आडून त्यानं चोरी केली तर पकडायचं कसं? हे प्रश्न ज्यानं आधी विचारायला हवे होते, त्या माणसाची जागाच आपल्या रचनेत नाही. एका टोकाला प्रोग्रामर, दुसऱ्या टोकाला खात्याचा अधिकारी. मधली खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर बसणारं माणूस घडवायचं काम पदवीच्या अभ्यासक्रमाचं आहे.

"हे सगळं कामावर शिकता येतं की," असं एक म्हणणं असतं. पिढीजात अनुभवातून आलेलं असल्यामुळे त्याला मी मान देते. रेल्वेचं संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५-८६ च्या सुमाराला सुरू झालं, तेव्हा हा विषय कोणी कॉलेजात शिकून आलेलं नव्हतं. कोटे, आरएसी, प्रतीक्षा यादी, सवलती, चार्ट कधी लागणार, ही सगळी गुंतागुंत लोकांनी कामातूनच उलगडली आणि ते काम इतकं पक्कं केलं की आजही आपण त्याच नियमांच्या सांगाड्यावर प्रवास करतो. पण ती पहिली पिढी होती. तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. १९७६ साली नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर (एनआयसी), १९८६ साली रेल्वेचं माहिती प्रणाली केंद्र क्रिस, २००९ साली आधारचं प्राधिकरण, २०१७ पासून जीएसटीचं जाळं, हे सगळं या एका शहरात उभं राहिलं. एवढा अनुभव जमा होऊन चाळीस-पन्नास वर्षं लोटली आणि तरीही प्रत्येक नवी पिढी शून्यापासून, लोकांच्या ताटातलं धान्य अडवून अडवून शिकणार असेल, तर विद्यापीठं कशासाठी आहेत?

कामावर माणूस एका कार्यालयाच्या सवयी शिकतो. चूक कुठे कुठे होऊ शकते, याचा साठा त्याच्याकडे येत नाही. तो साठा अभ्यासातून मिळतो. ब्रिटनच्या पोस्टाचं प्रकरण मी दरवर्षी शिकवते. १९९९ पासून तिथल्या पोस्ट शाखांत होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली, फुजित्सू कंपनीची. शाखांच्या हिशेबात तूट दिसायला लागली आणि संगणक चुकत नाही असं धरून शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे खटले भरले गेले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून न केलेल्या चोरीचे पैसे भरले, काहींनी जीव दिला. कंपनीच्या माणसांना शाखेच्या खात्यात दुरून बदल करता येत होता आणि शाखेत बसलेल्याला ते कळतही नव्हतं. ही गोष्ट वर्षानुवर्षं नाकारली गेली. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते हे खरंच आहे. पण दोष असतील असं गृहीत धरून प्रत्येक बदलाची खूण मागे राहील अशी नोंद ठेवायची आणि तक्रार करणाऱ्याचं आधी ऐकायचं, हा धडा ज्या विषयात शिकवतात तो विषय पातळ कसा म्हणायचा?

या विषयाला स्वतःचा सिद्धान्तही आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. स्वीडनचे बॉर्ये लांगेफोर्स यांनी १९६० च्या दशकातच मांडलं होतं की डेटा आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती म्हणजे डेटा वाचणाऱ्याच्या आधीच्या ज्ञानातून आणि त्याच्या हाती असलेल्या वेळात उमगणारा अर्थ. रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटलेली इंग्रजी चूकसूचना हा डेटा आहे. समोरच्या बाईसाठी ती माहिती नाही. मँचेस्टरच्या एनिड ममफर्ड यांनी दाखवलं की जे लोक प्रणाली वापरणार त्यांना ती आखताना शेजारी बसवलं नाही, तर उत्तम यंत्रही वाया जातं. अमेरिकेत गॉर्डन डेव्हिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीला मिनेसोटा विद्यापीठात हा विषय पीएचडीपर्यंत नेला आणि १९७३ साली त्याच देशातल्या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, एसीएमनं, या विषयाच्या पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा काढला. २००५ च्या आराखड्यात संगणनाच्या पाच शाखा मांडल्या होत्या: संगणक अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, माहिती प्रणाली, माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. पाचही सख्ख्या बहिणी, त्यातली कोणी कोणाची मोलकरीण नाही. सिंगापूरच्या मॅनेजमेंट युनिव्हर्सिटीनं २००३ साली या विषयाचं स्वतंत्र स्कूल काढलं. आपल्याकडे तो पदवीच्या नावात क्वचितच दिसतो. बहुतेक ठिकाणी बीबीए-बीकॉमच्या एखाद्या सत्रात एमआयएस (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स) नावाचा एक पेपर आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या पाच व्याख्या, इतकाच.

आता आमच्या बाजूची कबुली, कारण ती दिल्याशिवाय काकांना उत्तर देण्याचा मला हक्क नाही. ते चुकीच्या निष्कर्षावर आले असले तरी त्यांनी पाहिलं ते खरं आहे. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद, कुठल्याही साध्या कॉलेजात जा. पहिल्या सत्रात सी, दुसऱ्यात सी प्लस प्लस, मग जावा, मग पायथन. प्रॅक्टिकलची फाइल मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेली. शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट तोच, लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, आणि तो तयार विकत मिळतो हे दिल्लीत कोणापासून लपलेलं नाही. वर्षानुवर्षं ग्रंथालयाची प्रणाली बनवणाऱ्या या मुलांतल्या किती जणांनी कॉलेजच्या ग्रंथपालाशी पाच मिनिटं बोलून पाहिलं असेल? गेटवर एआय-एमएल, डेटा सायन्स, फुल स्टॅकचे फलक, आत बीटेकची फिकट नक्कल. नक्कल नेहमी अस्सलपेक्षा कमी दिसणारच. काकांनी ती पाहिली आणि विषयच कमअस्सल आहे असं ठरवलं.

नक्कल का होते? आपल्याला या पदवीचं नावसुद्धा धड ठेवता आलेलं नाही म्हणून. इंद्रप्रस्थ विद्यापीठात बीबीएची एक शाखा होती, कॉम्प्युटर एडेड मॅनेजमेंट, मुलं तिला कॅम म्हणायची. त्या नावात हा विषय जवळजवळ सापडला होता. दिल्ली विद्यापीठात बीए प्रोग्रामला कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स घेता येतं, म्हणजे मानव्यविद्यांच्या शेजारी संगणक बसवायची कल्पना तिथेही आहे. पण बीए म्हटल्यावर तिच्याकडे पाहायलाही कोणी तयार नाही. पुणे विद्यापीठात वाणिज्य शाखेचं बीसीए पुढे बीबीए-सीए झालं. त्यातल्या सीएचा अर्थ घरोघरी चार्टर्ड अकाउंटंट असा घेतला गेला. मग २०२४ पासून तांत्रिक शिक्षणाच्या परिषदेनं, एआयसीटीईनं, बीबीए, बीसीए, बीएमएस आपल्या छत्राखाली घेतले. महाराष्ट्रात त्याच वर्षी या पदव्यांसाठी सीईटी आली, पुरेसे विद्यार्थी न आल्यानं दुसऱ्यांदा घ्यावी लागली आणि कितीतरी कॉलेजांनी परवानगीच्या कटकटीतून सुटण्यासाठी अभ्यासक्रमांची नावंच बदलून टाकली. तीन वर्षांच्या शिक्षणाचा अर्थ काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. वाद सगळा पाटीवरच्या अक्षरांचा. एआयसीटीईचं छत्र आलं म्हणून मी नाराज नाही. इमारत, शिक्षकसंख्या, प्रयोगशाळा यांची तपासणी व्हायलाच हवी. पण तांत्रिक शिक्षणाची परिषद तपासायला आली की कॉलेजं आणखी तांत्रिक दिसायच्या मागे लागतात, हेही मी पाहते आहे. हिशेबाचा पेपर गळतो आणि आणखी एक प्रोग्रामिंगची भाषा येते.

या नकलेनं सर्वांत मोठं नुकसान कोणाचं केलं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांचा संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात माल पाठवण्याचा छोटा धंदा, स्वतःचे दोन ट्रक, बाकी भाड्याचे. ती कॉमर्सची, गणितात जेमतेम. सी प्लस प्लसमध्ये एकदा नापास झालेली. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायची. एके दिवशी मी फळ्यावर ई-वे बिलाचं उदाहरण घेतलं. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला हे बिल लागतं. त्याचं पोर्टल एनआयसीनं बनवलेलं. फॉर्मचे दोन भाग, 'अ'मध्ये माल, 'ब'मध्ये वाहन. मी आकृती काढली: एक बिल, एक वाहन, मध्ये एक रेघ.

शेवटच्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, हे असं नसतं. गाडी रस्त्यात बसली की माल दुसऱ्या गाडीत चढतो. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तीच राहते, गाडी बदलते." मग ती थांबेना. भाग ब पुन्हा भरावा लागतो, नवा गाडी नंबर टाकून. तो न टाकता गाडी निघाली आणि पुढे नाक्यावर अडवली तर दंड. बिलाची मुदत अंतरावर असते, दोनशे किलोमीटरला एक दिवस. गाडी ढाब्यावर दोन दिवस उभी राहिली तर मुदत संपत येते आणि वाढवून घ्यायची वेळही ठरावीक तासांचीच. रात्री दोन वाजता ड्रायव्हरचा फोन येतो तेव्हा पोर्टलवर कोण बसणार? बाबा, नाहीतर ती स्वतः.

मी फळा पुसला आणि खडू तिच्या हातात दिला. तिनं काढलेल्या आकृतीत एका बिल्टीला अनेक वाहनं होती आणि प्रत्येकाशेजारी कुठून, कुठपर्यंत, किती वाजता. डेटाबेसच्या पुस्तकात एकाशी-अनेक संबंध आणि काळाची नोंद या नावानं जे पंधरा पानं येतं, ते तिला घरात माहीत होतं. फक्त ते ज्ञान आहे, हे तिला आतापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षी तिनं वडिलांच्या ऑफिससाठीच प्रणाली केली. चार ड्रायव्हर, दोन मुनीम आणि एका पेट्रोलपंपवाल्याशी बोलून तिनं गरजांची यादी केली होती, एकवीस पानांची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती उघडलीही नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, कोड किती ओळींचा आहे? गुण पडले ते त्या उत्तरावर. ते गृहस्थ विद्वान होते, मनानं वाईट नव्हते. पण त्यांच्या मोजपट्टीवर त्या एकवीस पानांसाठी खूणच नव्हती आणि मला त्याचा राग आजही येतो.

दिल्लीत चांगलं काही होत नाही असं नाही. ओखल्याच्या ट्रिपल-आयटी दिल्लीनं २०१७ पासून संगणकशास्त्र आणि समाजशास्त्रं एकत्र शिकवणारा बीटेक सुरू केला. मला त्याचा आदर आहे. पण त्याचं दार जेईईच्या किल्लीनं उघडतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताची दोन वर्षांची शिकवणी परवडणाऱ्या घरांतली मुलं तिथे पोचतात. दिल्ली विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या ऑनर्सलाही गणिताची अट आहे आणि त्या विषयासाठी ती योग्यच. पण ज्या विषयाला खातेवही, बिल्टी, केसपेपर आणि रेशन कार्ड वाचता येणारी माणसं हवीत, त्याच्या दारातही हीच किल्ली मागितली जात असेल, तर सदर बाजारातल्या दुकानदाराची, आझादपूर मंडीतल्या आडत्याची, दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलं आत येणार कुठून? ती बाहेर राहतात किंवा बीसीएला येतात आणि सी प्लस प्लसमध्ये नापास होऊन स्वतःला ढ समजायला लागतात.

काकांचा दुसरा मुद्दा एआयचा. तो मला सगळ्यात कच्चा वाटतो, कारण तो आमच्याच बाजूनं बोलतो. मागच्या सत्रात मुलांच्या एका गटानं मोहल्ल्यातल्या दवाखान्याच्या नोंदणीसाठी एआयकडून पूर्ण डेटाबेस करून घेतला. दहा मिनिटांत. तक्ते सुबक, नावं नीटनेटकी, कोड चालणारा. रुग्णाची ओळख म्हणून त्यात मोबाइल नंबर घेतला होता, एका नंबराला एक रुग्ण. मी विचारलं, उत्तम नगरमधल्या तुमच्या गल्लीत एका फोनवर किती माणसं? सगळे गप्प झाले. एकाच्या घरी एका फोनवर सहा माणसं होती. त्यातली आजी आणि नात दोघींना एकाच आठवड्यात ताप आला, तर आजीची गोळी नातीच्या नावावर चढणार. कोविडच्या लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर हाच प्रश्न देशभर आला होता. एका मोबाइलवर सुरुवातीला चौघांची नोंद करता यायची, जानेवारी २०२२ मध्ये ती मर्यादा सहावर न्यावी लागली. यंत्राला गल्ली दाखवली नाही तर यंत्र गल्ली विचारणार नाही. कोड स्वस्त झाला की चुकीची प्रणालीही तितक्याच स्वस्तात आणि वेगानं उभी राहते, म्हणून ती आधी तपासणारं माणूस महाग व्हायला हवं. एआयमुळे धोक्यात कोण असेल, तर नक्कल शिकलेला विद्यार्थी. त्याला ती नक्कल आपणच शिकवली.

हा विषय एमबीएला शिकवतातच, असंही काही जण म्हणतात. शिकवतात, आयआयएममध्ये उत्तम शिकवतात. पण तिथून बाहेर पडलेली व्यक्ती जिल्हा रुग्णालयाच्या नोंदणीकक्षात किंवा नगरपालिकेच्या कर विभागात बसायला जात नाही. देशाला हे काम जाणणारी माणसं हजारोंनी हवीत, तालुक्यापर्यंत हवीत, आणि त्या संख्येनं माणसं फक्त पदवीचे वर्ग घडवू शकतात.

म्हणून माझी मागणी हे वर्ग बंद करण्याची नाही, त्यांना बीटेकची धाकटी आवृत्ती बनवण्याची तर मुळीच नाही. त्यांना त्यांचा विषय द्या आणि तो स्वतःच्या नावानं द्या. प्रोग्रामिंगची एकच भाषा, पण नीट. डेटाबेस दोन सत्रं. हिशेबाचा पेपर सक्तीचा, कारण अर्ध्याअधिक प्रणाली शेवटी पैशाची नोंद ठेवतात. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००५ चा माहिती अधिकार आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा शेजारी शेजारी ठेवून शिकवा, म्हणजे लोकांना काय दाखवायचं आणि काय झाकायचं यातला ताण मुलांना कळेल. प्रवेश कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांना उघडा. दिल्ली विद्यापीठानं २०२२ पासून चार वर्षांची पदवी आणली आहे. या विषयातलं ते चौथं वर्ष एखाद्या दवाखान्यात, बाजार समितीत, शाळेच्या कार्यालयात घालवू द्या. हे स्वप्नरंजन नाही. १९८१ साली दिल्लीतच सुरू झालेल्या एनआयआयटीनं जीएनआयआयटीच्या अभ्यासक्रमात अख्खं एक वर्ष कंपनीत काम करण्यासाठी ठेवलं होतं आणि पदवी करता करता मुलांनी ते केलं. खाजगी क्लासला जे जमलं ते विद्यापीठांना का जमू नये? आणि प्रोजेक्ट तपासताना परीक्षकानं पहिला प्रश्न विचारावा: तुम्ही कोणाशी बोललात?

परवा मी ठरल्याप्रमाणे काकांच्या घरी गेले. यातलं बरंच त्यांना सांगितलं. ते ऐकत होते, पटल्याचं काही चेहऱ्यावर दिसेना. नात मात्र सरकून जवळ बसली. "तुमच्या मनासारखा कोर्स असता तर पहिल्या सत्रात काय करायला लावलं असतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सकाळी आठला सरकारी दवाखान्यात जायचं. एका पेशंटची परवानगी घ्यायची आणि त्याचा केसपेपर खिडकीपासून औषधाच्या काउंटरपर्यंत कोणाकोणाच्या हातातून जातो, कोण त्यावर काय लिहितं, कुठे किती वेळ पडून राहतो, ते टिपायचं.

"आमच्याकडे मेजरमेंट बुक असायचं," काका एकदम म्हणाले. आणि मग तेच सांगायला लागले. साइटवर ज्युनिअर इंजिनीअर मोजमाप घेऊन त्यात लिहितो. असिस्टंट इंजिनीअर त्यातली काही मोजमापं स्वतः पुन्हा घेऊन तपासतो. त्यावरून ठेकेदाराचं बिल बनतं. प्रत्येक पानाला नंबर असतो, पान फाडायचं नाही.

"आणि आकडा चुकला तर खोडायचा कसा?" नातीनं विचारलं.

"खोडायचा नाहीच. चुकलेल्यावर एक रेघ मारायची, तो खाली वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची, तारखेसकट."

तिनं टीपॉयवरची वही ओढली आणि आजोबांना ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.